दुसऱ्या राणीचा झगा

"जरा बसता का? माझा झगा दिसत नाहीये."

अंधारात पुढच्या रांगेतल्या पाठीला उद्देशून सुई हे बोलली. दुपारचा खेळ होता, थिएटरात जेमतेम मूठभर माणसं होती. एवढ्या खुर्च्या ओस पडलेल्या असताना हा उंच माणूस नेमका तिच्यासमोर येऊन बसला होता, आणि अख्ख्या सिनेमात बघण्याजोगा एकच प्रसंग आला तेव्हा नेमका उठून उभा राहिला होता. पडद्यावर राणी भरधाव घोडीवरून टेकडी उतरत होती. तिचा डाळिंबी झगा मागे वाऱ्यावर फुलला असणार — असणारच, त्याचा घेर सुईनेच तर कापला होता — पण तिला दिसत होते ते फक्त दोन रुंद खांदे.

तो दचकून बसला. माफ करा म्हणाला. मग मान न वळवता, जरा चाचरत म्हणाला,

"पण... त्या झग्यात मीच आहे हो."

आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असं सुईला वाटलं. तोवर पडद्यावर नायिकेचा चेहरा आला. अगदी जवळून, भिवया कोरलेल्या, ओठ रंगवलेले, घामाचा टिपूस नाही. कशावर तरी बसून ती वरखाली हलत होती, आणि ते घोडं नव्हे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एवढ्यात लढाई आटोपली. राणी तंबूत परतली आणि पुन्हा रडायला बसली.

सुई हे तिला कारखान्यात पडलेलं नाव. अंगकाठी बारीक, आणि बोलणं असं की समोरच्याला टोचल्याशिवाय राहायचं नाही. नाटक-सिनेमांचे कपडे शिवणारा तो कारखाना. ती तिथे कापड बेतायची. राणीचा सिनेमा कारखान्यात आला तेव्हा सगळ्यांत जास्त हरखली ती हीच. ही राणी तिला लहानपणापासून ठाऊक होती. आईच्या मागे तिला वाढवणारी मावशी शिलाई मशीन चालवता चालवता त्या राणीच्या गोष्टी सांगायची — नवरा गेल्यावर तिने एकटीने राज्य कसं चालवलं, कालवे कसे खणवले, किल्ल्याला वेढा पडला तेव्हा स्वतः घोड्यावर बसून बाहेर कशी पडली. सुईने झगा बेतला तो त्या राणीसाठी. सिनेमा निघाला भलत्याच बाईचा. ही राणी आधी नवऱ्याची वाट बघत रडे, मग तो आला म्हणून रडे, मग गेला म्हणून. कालव्यांचं नाव नाही. राज्य कोण चालवत होतं, देव जाणे. वर्तमानपत्रांनी सिनेमा धुऊन काढला होता, आणि त्यात कपड्यांनाही सोडलं नव्हतं. एकाने लिहिलं होतं की राणी अंगाला पडदे गुंडाळून वावरते. आता सिनेमा उतरणार असं कळल्यावर सुट्टीच्या दिवशी सुई एकटीच आली होती. कुणाला बरोबर आणायची तिला लाज वाटत होती.

खेळ सुटला तेव्हा तो माणूस दाराशी थांबलेला दिसला. बाहेर पाऊस होता — नुसती बुरबुर, छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पाडणारी. पोर्चखालच्या उजेडात तिने त्याला नीट पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, भरघोस मिशी, आणि हसू आवरताना एका बाजूला पळणारा ओठ. मघाशी उभा राहिलो त्याबद्दल पुन्हा एकदा माफी मागतो, तो म्हणाला. स्वतःला पाहून राहवलं नाही.

मग त्याने सगळं सांगितलं. तो घोडेस्वार होता. शहराबाहेर त्याच्या आईची पागा होती, आणि दोघं मायलेक तिथे लोकांना घोड्यावर बसायला शिकवत. नायिकेला घोड्यांची भीती, म्हणून टेकडीचा प्रसंग त्याच्या वाट्याला आला. त्यासाठी मिशी काढावी लागली, डोक्यावर लांब केसांचा टोप चढवावा लागला, आणि तेव्हापासून शूटिंगवरच्या सगळ्यांनी त्याचं नाव राणीसाहेब ठेवलं, ते अजून सुटलेलं नाही. मिशीशिवाय तो पहिल्यांदा पागेत गेला तेव्हा त्याच्या लाडक्या घोडीने त्याला हुंगलं आणि ओळख नसल्यासारखी मागे सरली.

सुई हसली. असं मोकळं हसू तिला बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. आणि हसता हसता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कारखान्याकडे राणीचे दोन झगे मागितले होते. एक नायिकेचा, आणि दुसरा नुसता 'दुसऱ्या राणीचा'. दुसरीची मापं फोनवरून आली होती.

"मला वाटायचं, कुणी चांगली धिप्पाड बाई असेल," ती म्हणाली. "खांद्याचं माप ऐकून मी पुन्हा विचारलं होतं. म्हटलं, हिच्या घरचे हिला खाऊ तरी काय घालतात."

"आणि मला वाटायचं, चष्मा लावलेले कुणी शिंपीकाका असतील. त्यांना एकदा भेटायचं होतं. राहून गेलं."

"का? शिंपीकाकांकडे काय काम होतं?"

पहिला जो झगा आला, तो नायिकेचाच झगा नुसता मोठा केल्यासारखा होता, असं त्याने सांगितलं. लगाम आवळायला हात उचलला की काखेत टरकन उसवायचा. तो परत पाठवला. दुसरा आला त्यात काखेत जास्तीच्या कापडाची कळी घातलेली होती.

"हात वर केला, आणि तो... सहज गेला. एवढंच. पण तेव्हा वाटलं, ज्याने हे शिवलंय त्याने मनातल्या मनात मला घोड्यावर बसवून पाहिलंय."

एरवी बोलण्यात कुणाला न हटणाऱ्या सुईने हातातली छत्री उगाच उघडली आणि मिटली. ती रस्त्याकडे बघत राहिली. बुरबुर कधीचीच थांबली होती, आणि तरी दोघं पोर्चखाली उभी होती. हे आपल्या लक्षात आलंय ते तिने त्याला सांगितलं नाही.

समोरच्या दुकानात कॉफी झाली. एक पिऊन झाल्यावर आणखी एक झाली. सिनेमाला दोघांनी मिळून मनसोक्त शिव्या घातल्या. त्याचं दुःख असं की दिवसचे दिवस त्या टेकडीवरून घोडी फेकली, पाण्याच्या टँकरने पाडलेल्या खोट्या पावसात, चिखलात. आणि पडद्यावर दिसलं ते डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. सुई म्हणाली, तुमचं निदान तेवढं तरी दिसलं, माझं मात्र तुमच्या पाठीने झाकलं. त्यावर तो गंभीरपणे म्हणाला की हे पाप फेडलं पाहिजे, तुम्ही पागेत या, मी तुम्हाला तीच घोडी दाखवतो.

"घोडी बघायला?"

"घोडीच बघायला," तो म्हणाला. "मी तिथे असतोच. माझा इलाज नाही."

पुढच्या सुट्टीला ती गेली. कॉलेजला निघाल्यासारखी दोनदा ओढणी बदलून गेली, असं मावशी पुढे सगळ्यांना सांगे.

पागा म्हणजे कुंपण घातलेलं एक मोठं रिंगण, पत्र्याच्या छपराचे तबेले, आणि ओल्या गवताचा, चामड्याचा, घोड्यांच्या घामाचा मिळून एक उबदार वास. त्याची आई खोगिरांच्या खोलीत बसली होती. पांढऱ्या केसांचा बुचडा, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, पाठीचा कणा असा ताठ की सुईने नकळत आपलेही खांदे मागे घेतले. आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, शिवतेस म्हणे? हो म्हटल्यावर तिच्यापुढे एक तुटका खोगिराचा पट्टा टाकला, आरी आणि मेण लावलेला दोरा दिला, आणि निघून गेली. सुईने आयुष्यात चामडं शिवलं नव्हतं. बोटं सोलून निघाली, पण पट्टा शिवून झाल्याशिवाय ती उठली नाही. संध्याकाळी आईने टाके ओढून पाहिले, आणि पुढच्या आठवड्याला किती वाजता येशील, एवढंच विचारलं. ही आमच्या घरातली फार मोठी शाबासकी आहे, असं त्याने फाटकापर्यंत सोडायला येताना हळूच सांगितलं.

मग दर सुट्टीला ती जाऊ लागली. घोड्यांची तिला मनातून भीती वाटायची, ती तो हळूहळू घालवत होता. आधी नुसतं मानेवर हात फिरवायचा. मग दाणा भरवायचा, तळहात अगदी सपाट ठेवून. मग एक दिवस त्याने तिला घोडीवर बसवलं आणि लांब दोरी हातात धरून रिंगणात चालवायला सुरुवात केली. वर गेल्यावर जग केवढं खाली जातं! ती आयाळ घट्ट धरून बसायची, आणि खाली तो चालत असायचा, तिच्या बुटाशी खांदा ठेवून, काहीबाही बोलत. तो घोडीशी बोलतोय की आपल्याशी, हे तिला पुष्कळदा कळायचं नाही. कारण 'घाबरू नकोस, मी आहे ना' हे तो दोघींनाही म्हणायचा, पण 'नकोस' फक्त घोडीला. सुईला तो अजून 'तुम्ही'च म्हणत होता.

एका थिएटरात तो सिनेमा सकाळच्या खेळाला अजून रेंगाळत होता. एकदा बघून तर येऊ, असं आईनेच काढलं. तिघं गेली. आई दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली, हात घडी घालून. राणीच्या पहिल्या रडण्याला ती काही बोलली नाही. दुसऱ्याला तिने घड्याळ पाहिलं. तिसऱ्याला तिने नेहमीच्या आवाजात, म्हणजे चांगल्या मोठ्या आवाजात विचारलं,

"ही काम कधी करते?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सुईने तोंडावर रुमाल धरला. थोड्या वेळाने आईला डुलकी लागली, आणि मग तिच्या पांढऱ्या बुचड्यावरून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने लाह्यांचा पुडा आईच्या मांडीवरून अलगद इकडे सरकवला. तिने चार लाह्या घेऊन पुडा परत सरकवला. पुन्हा तो आला. त्यात लाह्या उरल्या नव्हत्या, तरी तो येत-जात राहिला... आणि एकदा पुड्याबरोबर त्याची बोटंही आली, तिच्या बोटांवर क्षणभर टेकली, आणि लगबगीने परत गेली. पडद्यावर राज्य बुडत होतं. सुईला त्याचं काही वाटलं नाही.

टेकडीचा प्रसंग आला तशी टापांच्या आवाजाने आई खाडकन जागी झाली. डोळे बारीक करून तिने पाहिलं.

"डावा खांदा पाडतोस अजून," ती मुलाला म्हणाली. मग सुईकडे वळून, "झगा बरा आहे."

बाहेर आल्यावर त्याने कबूल केलं की टेकडी उतरताना राणी कशी बसत असेल हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं. शेवटी तो आई बसते तसा बसला. सिनेमावाल्यांनी तिलाच घेतलं असतं तर सिनेमा वाचला असता, सुई म्हणाली. आई पुढे चालत होती. तिने ऐकलं की नाही कोण जाणे, पण तिची चाल जरा रुबाबदार झाली.

थंडीचे दिवस आले. सकाळी रिंगणात वारा झोंबायचा, आणि तो एका जुन्या विटक्या स्वेटरवर भागवायचा. सुईने जाहीर केलं की ती त्याला कोट शिवणार. मापं तुमच्याकडे आहेतच की, तो म्हणाला. त्यावर ती म्हणाली की फोनवरच्या मापांवर तिचा आता विश्वास राहिलेला नाही.

मावशीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, तो सरळ उभा राहिला. मावशी पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि तिचं मशीन जरा जास्तच वेळा थांबत होतं. सुईने टेप खांद्यावरून टाकली. पाठीवरून. छातीभोवती घ्यायची तर हात मागे न्यायला लागतात. तिने ते नेले, आणि आकडा वाचायला वाकली. आकडा काही स्थिर दिसेना.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "नाहीतर कोट तंग होईल."

"तुम्ही बाजूला झालात की घेतो."

ती बाजूला झाली नाही. आकडा कागदावर लिहिला, तो चुकीचा लिहिला, हे तिला नंतर कळलं. मग कच्च्या कापडाची बाही त्याच्या दंडावर लावून टाचण्या टोचताना एक टाचणी जरा खोल गेली, आणि—

"अगं, टोचलं!"

पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं.

"काय म्हणालात?" सुईने विचारलं.

"टोचलं म्हणालो."

"त्याच्या आधी."

"त्याच्या आधी..." त्याचे रापलेले कान लाल झाले. "अगं म्हणालो."

"मग तेच म्हणत जा," ती म्हणाली, आणि तोंडात टाचण्या धरून बाहीवर खाली वाकली, म्हणजे आणखी काही बोलावं लागू नये. "म्हणत जा, म्हणजे... तूही. मीही."

मशीन एकदम जोरात सुरू झालं.

पण याच दिवसांत कारखान्यात वाईट चाललं होतं. सिनेमा पडल्यावर पडद्यावर कपड्यांसाठी ज्यांचं नाव झळकलं होतं त्या कारखान्यातल्या बाईंवर खापर फुटलं आणि त्या काम सोडून गेल्या. पुढच्या सिनेमाचं काम आलंच नाही. मालकांनी हॉटेलांचे गणवेश आणि पडदे शिवायला घेतले. राणीचा झगा बेतणारी सुई आता दिवसभर सरळ रेषेत कापड कापत बसे. पडदे म्हणाले होते ना, घ्या आता पडदे, असं ती स्वतःशीच म्हणायची, आणि घरी येऊन मावशीवर उगाच चिडायची.

आणि अशात एक फोन आला. लांबच्या एका शहरातली नाटकमंडळी होती. त्यांच्या दिग्दर्शक बाईंनी तो सिनेमा पाहिला होता, त्यांना तो अजिबात आवडला नव्हता, आणि म्हणूनच त्या त्याच राणीवर नाटक बसवत होत्या. राज्य चालवणाऱ्या राणीवर. सिनेमातल्या टेकडीवरच्या झग्यावर त्यांची नजर ठरली होती. कारखान्यात चौकशी करत करत त्या सुईपर्यंत पोचल्या होत्या. सगळ्या नाटकाचे कपडे तिने करावेत, निदान हा हंगामभर तिकडे येऊन राहावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुईने होकार दिला, आणि ही बातमी सगळ्यांत आधी त्याला सांगायची म्हणून कामाच्या दिवशी, कारखान्यातून लवकर निघून, ती थेट पागेत गेली. धापा टाकत तिने सगळं सांगितलं. तो घोडीचा पाय मांडीवर घेऊन खूर साफ करत होता. त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"छान झालं," तो म्हणाला. "जायलाच हवं." आणि थोड्या वेळाने, खुराकडेच बघत, "तुम्ही कधी निघणार?"

सुईने ओढणी खांद्यावर नीट घेतली. मग पुढच्या आठवड्यात, असं सांगून ती निघाली. फाटकापर्यंत तो आला नाही. ती सुट्टी तशीच गेली. ती पागेत गेली नाही, आणि त्याचाही फोन आला नाही.

सामान बांधायच्या नावाखाली ती घरात आदळआपट करत होती. मावशीने ती बराच वेळ ऐकून घेतली आणि मग हातातलं कापड बाजूला ठेवून विचारलं की त्याने तुला थांबवायला हवं होतं का.

"नाही," सुई म्हणाली. "थांबवलं असतं तर भांडले असते."

"मग जा म्हणाला तर फुगतेस कशाला?"

"जा म्हणाला त्याचं काही नाही." तिने हातातली ओढणी तशीच बॅगेत कोंबली. "तो मला तुम्ही म्हणाला, मावशी."

मावशीला हसू आलं, पण तिने ते गिळलं. एवढ्या लांब जाऊन मनात हेच उगाळत बसणार असशील, तर सकाळी पहिल्या बसने जाऊन त्याला काय ते विचार, असं तिने सांगितलं. आणि कोट घेऊन जा, शिवून पडलाय.

सकाळी धुकं होतं. फाटकापाशी आईच भेटली. मुलाने दोन-तीन दिवस घोडीला इतकं घासलंय की आता तिचं कातडं सोलायचं तेवढं बाकी आहे, असं तिने सांगितलं, कोट सुईच्या हातातून काढून घेतला, आणि तबेल्याकडे निघून गेली.

तो रिंगणात होता. तिला पाहून त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सुई म्हणाली की शिकवणीचा एक दिवस बुडलाय, तो भरून दे. त्याने मुकाट्याने घोडी आणली. तिने रिकिबीत पाय ठेवला, त्याने आधाराला हात पुढे केला, तो न घेता ती वर चढली. त्याने दोरी धरली. घोडी चालू लागली. धुक्यातून खोगिराची करकर तेवढी ऐकू येत होती. अर्धं रिंगण झालं, तेव्हा सुईने विचारलं.

"मला तुम्ही का म्हणालास?"

त्याने दोरीचा एक वेढा हाताभोवती घेतला.

"'तू' म्हटलं असतं तर पाठोपाठ 'जाऊ नकोस' आलं असतं," तो म्हणाला. "एका दमात. मला ते अडवता आलं नसतं."

"आणि ते मी ऐकलं असतं, असं वाटलं तुला?"

"नाही वाटलं. पण चुकून ऐकलं असतंस तर..." त्याने मान हलवली. "मग ते पडदे कापत बसलेली तू मला रोज दिसली असतीस. ते मला बघवलं नसतं."

सुईने खाली पाहिलं. धुक्याने त्याचे केस ओले झाले होते. तीन-चार दिवसांचा राग कुठे गेला ते तिला कळलं नाही. तिने लगाम हळूच मागे ओढला, त्याने शिकवला होता तसा. घोडी उभी राहिली. तोही थांबला.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "आणि मला तुझ्याशी लग्नही करायचंय. दोन्ही करायचंय. तुझं काय ते सांग."

त्याच्या हातातली दोरी सैल पडली. तो वर बघत राहिला, आणि त्याचा ओठ एका बाजूला पळू लागला.

"आधी उतर," तो म्हणाला.

"आधी उत्तर."

"उत्तर दिलं की उतरशील?"

"हो."

"मग जरा थांबतो. वर छान दिसतेस."

"अरे, माझे पाय थरथरतायत," सुई म्हणाली, आणि ते खरं होतं.

मग त्याने दोन्ही हात वर केले. हो म्हणाला. ती उतरत असताना, तिचा एक पाय अजून रिकिबीत अडकलेला असताना पुन्हा म्हणाला, आणि ती जमिनीवर आल्यावर तिसऱ्यांदा, अगदी तिच्या कानाशी. हात त्याने सोडले नाहीत. तिनेही सोडवून घेतले नाहीत. त्याच्या शर्टाला घोडीचा वास येत होता, आणि सुईला तो आता मुळीच परका वाटत नव्हता.

तबेल्याच्या दारात आई उभी होती. नवा कोट तिने स्वतःच्याच अंगात चढवला होता. तो तिला गुडघ्यापर्यंत आला होता, तरी रुबाब कमी झाला नव्हता. काय ठरलं, असं तिने तिथूनच विचारलं. ठरलं, असं त्याने सांगितल्यावर तिने मान डोलावली, रिंगणात येऊन घोडीची दोरी उचलली, आणि दोघांकडे पाठ करून घोडीला दाणा द्यायला घेऊन गेली.

"हंगामभर म्हणालीस ना?" तो म्हणाला. "म्हणजे मला सुट्टीला येऊन-जाऊन करावं लागेल. आणि नाटक चाललं, तू तिकडेच राहिलीस, तर मला तिकडे काय काम मिळणार? घोड्यांपलीकडे मला काही येत नाही."

"तिकडे मोठी पागा आहे," सुई म्हणाली. "नदीकाठी. त्यांना शिकवणारा माणूस हवाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"हे तुला कसं माहीत?"

"फोनवर विचारलं होतं मी. त्या बाईंना."

"कधी?"

सुईने मान खाली घातली, आणि त्याच्या शर्टाचं सुटायला आलेलं बटण उगाच फिरवत म्हणाली,

"त्यांना हो म्हणायच्या आधी."